पंचवीस खुर्च्यांचं जग

आकडे फळ्यावर लिहिले की सातवीची मुलं खिडकीबाहेर बघायला लागतात, हे टोवे लुकेगोर इतक्या वर्षांच्या मास्तरकीत शिकली होती. म्हणून त्या दिवशी तिने टेबलं भिंतीला सारली आणि जग खुर्च्यांवर मांडायचं ठरवलं. वर्गात मुलं पंचवीस आणि खुर्च्याही तितक्याच. मुलं म्हणजे जगातली माणसं, खुर्च्या म्हणजे त्यांची मालमत्ता. तिघांच्या वाट्याला एकोणीस खुर्च्या, दहाजणांत पाच, आणि उरलेल्या बाराजणांत मिळून एक. खऱ्या हिशेबात तेवढीही येत नाही, ती एकसुद्धा आपण हात सैल सोडून देतोय, असं तिने सांगितल्यावर मुलं हसली. कोण कुठे जन्माला येणार, ते चिठ्ठी ठरवणार होती.

तिला घोर होता तो राहवाचा. इरिट्रियातून निघालेली ही मुलगी सुदानमधल्या निर्वासितांच्या छावणीत काही वर्षं काढून आईबरोबर डेन्मार्कला आली होती. इतर मुलं टोवेला नावाने आणि एकेरीत हाक मारत, तशी तिथली रीतच. राहवाची जीभ मात्र अजून वळत नसे, ती बाईच म्हणे. या मुलीला फरशीवर बसलेली बघणं टोवेला सोसवणार नव्हतं. तिने श्रीमंतांची एक चिठ्ठी आधीच बोटांत दाबून ठेवली आणि राहवा आली तेव्हा टोपलीतून काढल्यासारखी करून तिच्या हातावर ठेवली.

चिठ्ठ्या वाटून झाल्या. श्रीमंत झालेली दोन पोरं खुर्च्या जोडून त्यांवर आडवी झाली. राहवा एका खुर्चीच्या कडेला ताठ बसली. शेजारच्या खुर्च्या रिकाम्याच राहिल्या. तिची मैत्रीण विगा बाराजणांच्या घोळक्यात फरशीवर होती. राहवाने तिला खुणेने बोलावलं, तर टोवेने अडवलं. जगात असं होत नाही, ती म्हणाली.

तेवढ्यात फरशीवरून माल्ते बोलला, "तिला काय नवीन त्यात? घर, सामान, सगळं फुकटच मिळालंय त्यांना."

काहीजण हसले. टोवेने त्याला झापलं, तर, बाबाच असं म्हणतात, असं सांगून तो मोकळा झाला. राहवा खाली बघत राहिली.

तास संपल्यावर ती खुर्च्या जागेवर लावायला थांबली. टोवेने माल्तेच्या वतीने माफी मागितली, पण मुलीच्या डोक्यात भलतंच होतं.

"बाई, ती चिठ्ठी टोपलीतली नव्हती ना?"

टोवेला खोटं बोलवेना. तू खाली बसावंस असं मला वाटत नव्हतं, ती म्हणाली.

"खाली निम्मा वर्ग होता. मी विगाजवळ बसले असते." राहवाने खुर्ची टेबलाखाली ढकलली. "आणि माझी आजी अजून छावणीतच आहे. तिच्याकडून बघितलं तर मी खुर्च्यांवरच बसलेय. ते मला माहीत आहे. पण तुम्ही ठरवून नको होतं द्यायला."

टोवे तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेली, आणि का कोण जाणे, हात तिने मागे घेतला.

पुढचा आठवडाभर तिला हे टोचत राहिलं. शेवटी तिने वर्गाला खरं सांगून टाकलं: एक चिठ्ठी मी हाताने दिली होती, डाव पुन्हा मांडू. कोणाला दिली ते तिने सांगितलं नाही, पण सगळ्या माना राहवाकडे वळल्या. आपण काय करून बसलो ते टोवेला तेव्हा कळलं.

"मग ते आकडेही तूच ठरवले असशील," माल्ते म्हणाला. या वेळी त्यात टिंगल नव्हती. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि आणखी दोघातिघांनी मान हलवली. आकडे खरे आहेत, कुठून घेतले तेही दाखवते, असं टोवे सांगत राहिली. तिचं तिलाच ते लंगडं वाटलं.

टोपली फिरली. राहवाने आपली चिठ्ठी स्वतः काढली, उघडली आणि ती फरशीवर जाऊन बसली.

या वेळी कोणी हसलं नाही. खुर्च्यांवर आलेली मुलं अवघडून बसली. विगालाही फरशीच आली होती. ती सरकत राहवाजवळ गेली आणि तिच्या गळ्यात हात टाकून आजारी माणसाशी बोलतात तशा आवाजात म्हणाली, "तुला त्रास होतोय का? मी टोवेला सांगू, तुला वर बसवायला?"

राहवाने तिचा हात हळूच काढून ठेवला.

"तू पण खालीच बसलीयेस," ती म्हणाली.

विगा गोंधळून टोवेकडे बघू लागली. टोवेला पुढचं बोलायचं होतं, बाराजणांचं, एका खुर्चीचं. सगळं तयार होतं. तिने फळ्याकडे पाहिलं, खडू उचलला आणि तशीच उभी राहिली.