नव्वद दिवस आणि साठ फूट फळ्या

आमच्या न्यू जर्सीच्या खाडीकाठी चिखलात एक फळी टाकायची म्हटली तरी पर्यावरण कचेरीचा परवाना लागतो. कायदा मात्र दिलदार आहे. अर्ज दिल्यापासून नव्वद दिवसांत नकार आला नाही, तर होकार धरायचा. कचेरीवाले नकार देतच नाहीत. होकारही देत नाहीत. एकोणनव्वदाव्या दिवशी ते एक प्रश्न विचारतात, आणि प्रश्न विचारला की मोजणी पुन्हा एकपासून.

माझा शेजारी गस पाल्मिएरी याला घरापासून पाण्यापर्यंत साठ फूट फळ्यांची वाट हवी होती. त्याची बायको रोझालिन चाकांच्या खुर्चीत. दोरीला कोंबडीची मान बांधून खेकडे धरण्यात तिचं आयुष्य गेलं, आणि डॉक्टर म्हणाले होते, येता उन्हाळा मिळेल, त्यापुढचा धरू नका. तिला एकदा पाण्यात दोरी सोडायची होती, एवढंच.

अर्ज ऑक्टोबरात गेला. जानेवारीत, एकोणनव्वदाव्या दिवशी, पत्र आलं: दुपारी तीन वाजता फळ्यांची सावली किती गवतावर पडेल? गसने बर्फात उभं राहून सावली मोजली. एप्रिलात दुसरं पत्र: त्या सावलीत कासवं बसतील काय, बसल्यास किती वेळ?

"कासवांनाच विचार," मी चिडून म्हणालो.

"विचारलं. ती ना हो म्हणतात ना नाही," गस म्हणाला. "कचेरीत चिकटतील लेकाची."

तिसऱ्या खेपेला मी सगळ्या गल्लीला तोंडाला कुलूप लावायला लावलं. कचेरीत फोन नाही, चौकशी नाही. गसची फाइल ज्यांच्याकडे, त्या मिस कोवाल्चिक आमच्याच गावच्या. त्यांना बेकरीत कुणी गुड मॉर्निंगसुद्धा म्हणायचं नाही. न जाणो, त्याचाही खुलासा मागायच्या. बिचाऱ्या पाव घेऊन खाली मान घालून जायच्या.

आणि काय सांगू, एकोणनव्वदावा दिवस कोरडा गेला! नव्वदाव्या दिवशी, ऐन जुलैत, सगळी गल्ली गसच्या अंगणात जमली. फळ्या रचून तयार. साडेचारला कचेरी बंद झाली तसा आम्ही असा ओरडा केला की काठावरचे बगळे उडाले. गसने हातोडा उचलला.

तेवढ्यात मिस कोवाल्चिक यांची गाडी येऊन थांबली. त्यांच्या हातात रोझालिनची बशी होती.

पाल्मिएरींच्या घरची रीतच आहे. कुणाकडे काम अडलं की त्याला बदामाच्या बिस्किटांची बशी जाते, सोबत आभाराचं कार्ड. आम्हा सगळ्यांना गप्प बसवलं, पण रोझालिनला सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. तिने सकाळीच पुतणीच्या हाती बशी पाठवली होती.

"मिसेस पाल्मिएरी," मिस कोवाल्चिक म्हणाल्या, "तुम्ही लिहिलंय, आता खुर्ची थेट पाण्यापर्यंत जाईल. अर्जात खुर्ची नव्हती. खुर्ची म्हणजे वजन, आणि वजन म्हणजे नवी माहिती. आजपासून पुन्हा नव्वद दिवस." मग आवाज खाली गेला. "मी दोन आठवडे ती फाइल कपाटामागे टाकून ठेवली होती हो. पण कार्डावर आवक शिक्का पडला."

"अगं, काम व्हायच्या आधी आभार?" गस कपाळावर हात मारत ओरडला.

"नंतर मानले तर ती नुसती फेड होते, असं आई सांगायची. आधी मानले की माणसाला नाही म्हणवत नाही," रोझालिन म्हणाली. आणि मग अगदी हळू, "नव्वद दिवस कुठून आणू मी?"

मला तर त्या कचेरीवाल्या बाईला बशीसकट खाडीत ढकलावंसं वाटलं. मिस कोवाल्चिक यांनी मात्र फळ्यांकडे बराच वेळ पाहिलं.

"फळी जमिनीला टेकली, तर बांधकाम," त्या सावकाश म्हणाल्या.

"आणि नाही टेकली तर?" मी विचारलं.

"तर नुसती फळी."

पाचव्या मिनिटाला अख्खी गल्ली दोन रांगा करून चिखलात उतरली होती. खांद्यांवर फळ्या, आणि फळ्यांवरून गस खुर्ची ढकलतोय.

"एका जागी उभे राहू नका!" मिस कोवाल्चिक काठावरून ओरडल्या. "स्थिर झालात तर तुम्हाला खांब समजावं लागेल!"

मग आम्ही सगळे बदकांसारखे पाय हलवत राहिलो. पाण्याजवळ एक माणूस कमी पडला आणि फळीचं टोक कलायला लागलं. मिस कोवाल्चिक यांनी बूट काढले, चिखलात उतरल्या आणि टोकाखाली खांदा दिला.

रोझालिनने दोरी सोडली. खेकडा काही येईना. भरती चढत चढत कमरेला आली, माझा खांदा गळून पडायची वेळ आली, तरी ती दोरीकडेच बघत होती. मग तिने मान वळवली.

"किती वेळ आहे मला?" तिने मिस कोवाल्चिक यांना विचारलं.

बावीस वर्षं लोकांना दिवस मोजून सांगणारी ती बाई पाय हलवत म्हणाली, "घाई नाही, मिसेस पाल्मिएरी. होऊ द्या सावकाश."