बकासुराचं हसू

हेरंबरावांनी हसणं सोडलं आणि कांचनताईंच्या घरातली मजाच गेली. साधंसुधं हसणं नव्हतं हो ते! फतेगंजमधल्या त्यांच्या सोसायटीत गणपतीत मुलांचं नाटक व्हायचं आणि बकासुर दरवर्षी हेरंबरावच. आ वासून ते असे गडगडाटी हसायचे की पहिल्या रांगेतली पोरं आयांच्या कुशीत शिरायची, आणि तिथूनच ओरडायची, "परत, परत!"

यंदा रेल्वेतून निवृत्त झालेल्या या बकासुराचा जबडाच आखडला. सकाळी उठावं तर कानाजवळ ठणका. जांभई आली तरी हात गालाला. भाकरीसुद्धा दुधात कुस्करून खायची वेळ आली. "बकासुर दुसरा कुणी बघा," असं त्यांनी सोसायटीत सांगून टाकलं, तेव्हा कांचनताई हळहळल्या. नवऱ्याला तेवढा एकच तर शौक!

दातांच्या गुजराती डॉक्टर अवनीबेननी तपासलं. "काका, तुम्ही झोपेत दात खाता. जबड्याचे स्नायू दमलेत बिचारे."

"मी? मी कुणावर दात खाणार?" असं म्हणत हेरंबरावांनी बायकोकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय?" कांचनताई फणकारल्या.

अवनीबेननी स्प्लिंट करून दिला. वरच्या दातांवर नेमका बसणारा, पारदर्शक, कडक प्लास्टिकचा साचा. रात्री तो घालून झोपायचं, म्हणजे दातांवर दात घासत नाहीत आणि स्नायूंना विसावा मिळतो. जोडीला शेक आणि हलके व्यायाम. "आणि धुवायचा गार पाण्यानेच हं," असं त्यांनी दोघांनाही बजावलं.

हळूहळू ठणका ओसरला. ताटात पोळी परत आली. हसू मात्र येईना. टीव्हीवर काही गमतीचं लागलं की हेरंबराव ओठ मिटून नुसते खांदे हलवायचे. पुन्हा तपासायला जायच्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "परत आखडला म्हणजे? आज डॉक्टरांना दाखवू, त्या हो म्हणाल्या तर बघू बकासुराचं."

आणि नेमकं त्याच सकाळी कांचनताईंनी घोळ घातला. उकळल्याशिवाय त्यांचा कशावर भरवसाच नाही. दूध उकळायचं, पाणी उकळायचं, नातवाच्या बाटल्या उकळायच्या, आणि नवऱ्याच्या तोंडात जाणारी वस्तू गार पाण्याने? डॉक्टरांना दाखवायचाय, तर स्वच्छ असू दे म्हणून त्यांनी स्प्लिंट पातेल्यात टाकला. चिमट्याने बाहेर काढला तर तळलेल्या पापडासारखा वळलेला!

"अगं बाई गं!" त्यांनी तो रुमालात गुंडाळून पर्समध्ये कोंबला. स्कूटरवर नवऱ्यामागे बसून निघाल्या. बकासुर आता गेलाच, आणि तोही आपल्या हाताने, या विचाराने डोळे भरून येत होते.

"स्प्लिंट आणलात?" अवनीबेननी विचारलं.

कांचनताईंनी रुमाल उलगडला.

"अरे बाप रे! आ शुं थयुं, काकी?"

"उकळला," कांचनताई पुटपुटल्या. "जंतू मरावेत म्हणून."

हेरंबरावांनी त्या वेड्यावाकड्या वस्तूकडे पाहिलं. मग बायकोच्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. आता आग पाखडणार म्हणून कांचनताईंनी डोळे घट्ट मिटले.

आणि दवाखाना हादरला. हा हा हा हा! खुर्चीत मागे रेलून, आ वासून, पोट धरून हेरंबराव हसत होते. बाहेर नंबर लावून बसलेली माणसं दचकून उठली. एक लहान मुलगी आईला बिलगली.

"काका, तोंड मिटू नका!" अवनीबेननी झटकन हातमोजा चढवला आणि तीन बोटं उभी त्यांच्या दातांमध्ये घातली. आरामात मावली. "दुखतंय?"

हेरंबरावांनी बोटांसकट मान हलवली. नाही! त्यांचं त्यांनाच खरं वाटेना.

"नवा स्प्लिंट करून देते, रात्री तो घालायचाच," अवनीबेन हसत म्हणाल्या. "बाकी बकासुर खुशाल करा."

कांचनताईंनी तोच रुमाल डोळ्यांना लावला.

"अगं, रडतेस काय?" हेरंबराव गरजले. "घरी चल आणि गाडाभर भात रांध!"