विजयमालाबाईंनी भरलेलं पाणी

मित्रांनो, मी फिरकीचा तांब्या. पितळेचा, वयानं बराच जुना, आणि पोटाला दोन पोचे पडलेला. माझं झाकण फिरवून बसवलं की सायकल कितीही उडाली तरी पाणी सांडत नाही. एवढाच माझा गुण.

केम गावच्या एका बापानं मला सोलापुरात तांबटाकडून घडवून घेतलं आणि लेकीच्या लग्नात दिलं. ती लेक म्हणजे विजयमालाबाई. त्यांचे यजमान हिंदुराव गिरणीत फिटर होते. बाई रोज पहाटे मला चिंचेनं घासत, भरत आणि हिंदुरावांच्या सायकलच्या हँडलला अडकवत. गिरणीत नळ होता, पण हिंदुरावांना घरचंच पाणी लागे. बाहत्तरच्या दुष्काळात नळाला दिवसाआड करंगळीएवढी धार यायची. तेव्हाही बाई आधी मला भरत, मग घागरीला हात लावत. त्या दिवसांत मला फार मान होता.

पुढच्या साली श्रावणात एके सकाळी बाईंनी मला नेहमीसारखं भरलं. दुपारी त्यांच्या छातीत कळ आली. गिरणीत निरोप गेला. हिंदुराव घरी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं.

त्या दिवशी त्यांनी माझ्यातला एक घोटही घेतला नव्हता. तेराव्यानंतर त्यांनी मला फळीवर ठेवलं, तसंच, भरलेलं. ते खाणावळीत जेवू लागले. रोज सकाळी मला उचलायचे, कानाशी धरून हलवायचे, पाणी वाजलं की परत ठेवायचे. मला वाईट वाटे. आत माझी कल्हई सुटत चालली होती. पाणी कडवट झालं होतं. पण तांब्याला तोंड असलं तरी बोलता येत नाही.

असे पाच महिने गेले. संक्रांतीनंतरच्या शनिवारी दोन मित्र दारात येऊन उभे राहिले. एकाचं नाव श्रीमंत, पलटणीतून निवृत्त होऊन गिरणीच्या फाटकावर पहाऱ्याला लागलेला. दुसरा बसप्पा, धान्याचा व्यापारी. मंद्रूपला त्याचं शेत होतं.

"सायकल काढ," श्रीमंत म्हणाला. "बसप्पाच्या वस्तीवर जायचं. उद्या दुपारी तुझी रविवारची दुरुस्तीपाळी, तिच्या आत परत."

"माझं मन न्हाय रं."

"मन हितंच ठेव. तू चल."

शेवटी हिंदुराव निघाले, पण मला घेऊन. "ह्यातलं पाणी कुणी प्यायचं न्हाय," एवढंच म्हणाले. मित्रांनी सायकली वळवल्या.

वस्तीवर पोचल्यावर श्रीमंतानं पिशवीतून तीन बाटल्या काढल्या. पलटणीच्या कँटीनमधली व्हिस्की, तीन जातींची. मित्रांनो, ते तुमच्या कामाचं पाणी नव्हे, पण झालेली गंमत सांगतो. डोळ्याला पंचा बांधून नुसत्या चवीवरून बाटली ओळखतो, अशी श्रीमंतची बढाई होती.

"मी पीत न्हाय, म्हंजे पंच मीच," बसप्पा म्हणाला. "आणि उंबऱ्याच्या आत आणायचं न्हाय. अव्वा बघती."

अंगणात बाजेवर बैठक बसली. बसप्पानं तीन कप भरले आणि श्रीमंतानं डोळे बांधून घोट घोट घेतला. पहिल्याला धुराचा वास आहे म्हणाला, दुसरी गुळासारखी, तिसरी एकदम साहेबाची. बसप्पा पोट धरून हसायला लागला.

"लेका, तिन्ही कपांत एकच बाटली हाय की!"

हिंदुराव हसले. पाच महिन्यांनी मी ते हसू ऐकलं. श्रीमंतही ओशाळून हसला, आणि हसता हसता ठसका लागला म्हणून त्यानं जवळचा तांब्या ओढला. तो मी होतो.

"हात काढ!" हिंदुराव ओरडले. "ते विजूनं भरलंय!"

श्रीमंतानं मला हळूच जागेवर ठेवलं. नंतर बसप्पाच्या अव्वानं, म्हणजे आई काशम्मांनी, गरम भाकरी, भरलं वांगं आणि शेंगाची चटणी वाढली. सगळे खाली मान घालून जेवले. "वांगं बिघडलं का माझं?" त्यांनी विचारलं.

रविवारी सकाळी परत निघालो. कोसभर आलो आणि श्रीमंतच्या मागच्या चाकाची हवा गेली. बसप्पाकडे पंप होता, रबराचे तुकडे होते, सोल्युशन होतं. ट्यूब बाहेर काढली, पण भोक सापडेना. भोक बघायला पाणी लागतं. श्रीमंतच्या पाण्याच्या बाटलीतलं पिऊन संपलं होतं. सीना नदी अजून दोन कोस लांब, आणि वाटेतल्या विहिरीला दुष्काळापासून पाणी आलेलं नव्हतं.

"तुमी व्हा म्होरं," श्रीमंत म्हणाला. "हिंदुरावची पाळी चुकंल. मी येतो ढकलत."

माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. न बघण्यासाठीच मान वळवत होते. मग श्रीमंतानं पिशवीतून सगळ्यात चांगली बाटली काढली आणि काशम्मांनी भाकरी बांधून दिलेली थाळी पुढं ओढली.

"काय करतूस?" बसप्पानं विचारलं.

"बुडबुडाच बघायचा हाय की. हिच्यात बी दिसंल."

"अय्यो, साहेबाची दारू ट्यूबला?"

श्रीमंत हसला नाही. तो खरंच बूच काढत होता. हिंदुरावांनी त्याचा हात धरला. मग मला हँडलवरून काढलं, कानाशी धरलं. पण हलवलं नाही.

"ठेव ती बाटली. हे धर."

झाकण कळकून घट्ट बसलं होतं. श्रीमंतानं मला दोन्ही हातांनी धरलं, हिंदुरावांनी जोर लावला, तेव्हा कुठं ते फिरलं. आतलं पाणी हिरवट झालं होतं. हिंदुरावांनी वाकून आत बघितलं.

"बघ की रं," ते म्हणाले. "मी समजत हुतो, जपून ठेवलंय."

त्यांनीच ते थाळीत ओतलं. श्रीमंतानं ट्यूब बुडवून फिरवली. एके जागी बारीक बुडबुडे आले.

"हितं हाय!" तिघंही एकदम ओरडले. हिंदुरावांच्या डोळ्यांना धार लागली होती, तरी बोट त्यांनी बरोबर भोकावर दाबून धरलं होतं. थाळीतलं पाणी त्यांनी वाटेकडेच्या लिंबाच्या बुडाशी ओतलं. पाळी चुकली नाही.

दुसऱ्या दिवशी कल्हईवाल्यानं मला आतून पाहिलं. "पाणी भरून ठेवतंय व्हय कोण? अजून वरीस गेलं असतं तर बूड खाल्लं असतं की."

मित्रांनो, कुणाची आठवण म्हणून तुमच्या घरी एखादी वस्तू असेल, तर ती घासा, वापरा, चारचौघांच्या हाती द्या. पोचा पडला तर पडू द्या. बंद ठेवलं की आम्ही आतून जातो, आणि बाहेरून कुणाला कळत नाही.

आता हिंदुराव मला स्वतः भरतात. फाटकावर पहिला घोट श्रीमंतचा, मग खात्यातले चारपाच जण. अकराच्या आत तळ दिसतो. संध्याकाळी सायकलच्या हँडलला खडखड वाजत, मी रोज रिकामा घरी येतो.