खिंडीतला वरवंटा

राजारामपुरीतल्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या पद्मजेने टूथब्रशची दांडी करवतीने कापली, तेव्हा घरात कुणाला नवल वाटलं नाही. त्याआधी तिने शर्टांची जादा बटणं काढली होती, औषधांच्या बाटल्या फेकून गोळ्या पुड्यांत बांधल्या होत्या आणि सॅकचं जड झाकण उसवून त्या जागी जुन्या धोतराचं फडकं लावलं होतं. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण बाकीचे लोक बचतीसाठी सांगतात. पद्मजेला ती ओझ्याच्या बाबतीत पटली होती, आणि एखादी गोष्ट पटली की ती दुसऱ्याला जगू देत नसे.

"आता केस तेवढे राहिलेत," तिचे वडील अप्पा म्हणाले. "तेबी काप की."

सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि कोल्हापूरच्या सात मुली हिमालयातल्या एका शिखरावर निघाल्या होत्या. शेवटच्या चढाला मात्र दोघीच जाणार. कोण जाणार ते रविवारी ठरायचं होतं. मोहिमेच्या पुढारी विमलाक्का, आणि त्यांचा नियम सरळ होता. सॅक ठरलेल्या वजनात बसली पाहिजे. जिची बसणार नाही, तिने खालच्या तळावर स्वयंपाक बघायचा. पद्मजेला त्या शिखराची अशी आस लागली होती, की वर्गात हिमालयाचा धडा घेतानाही तिचा आवाज कापायचा.

अप्पांची शाहूपुरीत गुळाची अडत होती. तिथल्या काट्यावर पद्मजेने एकेक वस्तू मोजली. स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, दोर, सातूचं पीठ. बेरीज चोख बसली. मग सगळं सॅकमध्ये भरून सॅक काट्यावर ठेवली, तर काटा तीन किलो पुढे.

"काटा बिघडलाय, अप्पा."

"माझा? काट्याला काय पडलंय खोटं बोलायचं? तूच कायतरी विसरलीस."

तिने पुन्हा सगळ्या वस्तू बाहेर काढल्या. रिकामी सॅकसुद्धा तीन किलो जादाच भरत होती. तिने ती उलटी करून झटकली, तर जराशी धूळ पडली. अप्पांनी काट्याकडे बघितलं, सॅककडे बघितलं आणि ते ढेपेवरच्या माश्या वारू लागले. एरवी बोलून डोकं उठवणारा माणूस गप्प झाला, तेव्हा पद्मजेच्या मनात पाल चुकचुकली.

सरावासाठी ती रोज सॅक पाठीला लावूनच शाळेत जायची. त्या दिवसापासून तिचं लक्ष पाठीवर राहू लागलं. ओझं म्हटलं की ते ठेवलं तिथे मुकाट बसतं. हे तसं बसत नव्हतं. ती चालायला लागली की जरा चुळबुळ व्हायची, मग ते हळूहळू डाव्या खांद्याकडे कलंडायचं आणि आणखी जड व्हायचं, झोपी गेलेलं पोर जड होतं तसं. पाठ तेवढ्याच जागी उबदार राहायची. एकदा बसस्टॉपवर उभी असताना आपण या पायावरून त्या पायावर झुलतोय, हे तिला कळलं आणि ती पाय रोवून उभी राहिली.

शेजारी भाजीची बुट्टी घेऊन एक बाई उभी होती. तिने सॅककडे बघत विचारलं, "किती म्हयन्याचं हाय, बाई?"

पद्मजेने वळून बघितलं. बाई चेष्टा करत नव्हती.

"तोंडावरचं फडकं जरा बाजूला घ्या की," बाई म्हणाली. "गुदमरंल त्ये."

पद्मजा बस सोडून चालतच घरी आली. दार लावलं, आणि तिची नजर खिडकीत गेली. वह्यांची पानं उडू नयेत म्हणून तिथे एक लहानसा वरवंटा ठेवलेला होता.

तो तिने महिन्याभरापूर्वी आणला होता. चढाच्या सरावाला सॅकमध्ये दगड भरतात. पण एसटीतून दगड वाहील ती पद्मजा कसली? मसाई पठाराच्या वाटेवर एका खिंडीत दगडांची आयती रास आहे. चढून आलेला वाटसरू तिथे एक दगड ठेवतो, "शीण इथं, मी पुढं" म्हणतो आणि हलका होऊन चालू लागतो. पद्मजेने त्या राशीतले दगड दिवसभर वाहिले आणि उतरताना परत टाकले. त्यातच हा वरवंटा निघाला. लोक चांगल्या वस्तूही फेकून देतात, असं म्हणत तिने तो ठेवून घेतला. लोकांनी खाली ठेवलेलं ओझं आपण उचलतोय, हे काही भूगोलाच्या बाईंच्या डोक्यात आलं नाही.

तिने वरवंटा हातात घेतला. तो पुठ्ठ्यासारखा हलका लागला. सगळं वजन त्यातून निघून गेलं होतं.

शनिवारी शाळा सुटल्यावर ती सॅक पाठीला लावून खिंडीत गेली. राशीशेजारी बायडाबाई नावाची म्हातारी ताकाचं मडकं घेऊन बसायची. गेल्या खेपेला ती कमरेत मोडलेली होती, हात टेकल्याशिवाय तिला उठता येत नव्हतं. आज ताठ बसली होती.

"बरं दिसतंय, आज्जी."

"व्हय की. म्हयना झाला, अंग कसं हलकं झालंया. झोपबी लागती. कुणाची पुण्याई, देव जाणं."

पद्मजेने वरवंटा पुढे केला. म्हातारीचा हात मडक्यावरच थांबला.

"ह्यो कुठं घावला तुला?"

"ह्याच राशीत. माझी चूक झाली. परत ठेवायला आलेय."

बायडाबाईने त्या दगडावरून बोटं फिरवली. "माझ्या सयाजीच्या बारशाचा हाय त्यो. बाळागत कुंची घालून पाळण्याच्या वरनं-खालनं फिरवलाता. नाव ठिवलं, आन् आठवड्यात पोरगं गेलं. घरात त्यो बघवंना म्हणून हितं आणून ठिवला. पर शीण काय हितं ऱ्हाईना. मग मीच हितं बसले, त्येच्यापाशी."

पद्मजेने वरवंटा दोन्ही हातांत धरला.

"ठेव तिथं," म्हातारी म्हणाली. "ज्येचं त्येनं वागवावं."

पद्मजेने वरवंटा राशीवर ठेवला. त्याच क्षणी सॅक एवढी हलकी झाली की ती पुढे झोकांडली. उद्याचा काटा आता तिच्या बाजूने होता, शिखर हाताशी आलं होतं. तिला आनंद व्हायला हवा होता. पण पाठीला गार वारा लागला आणि तिला रडू कोसळलं.

मागे मडकं कलंडलं. सांडलेलं ताक सावरायला बायडाबाई उठू बघत होती आणि हात टेकूनही तिला उठता येत नव्हतं. पाठ पार वाकली होती. एक हात मागे नेऊन ती पाठीवरचं काहीतरी जुन्या सवयीने थोपटत होती.

"जा पोरी," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "दिस हाय तवर उतर. मला सवय हाय."

पद्मजा वळणापर्यंत गेली आणि माघारी आली. तिने वरवंटा उचलला, स्लीपिंग बॅगच्या मऊ घडीत ठेवला आणि सॅकच्या तोंडावरचं फडकं जरा बाजूला केलं. सॅक पाठीला लावली तशी डाव्या खांद्यावर ऊब येऊन टेकली. बायडाबाईची पाठ सरळ झाली आणि तिने मान वर केली.

रविवारी काटा तीन किलो पुढे गेला.

"काय कमी करतेस?" विमलाक्कांनी विचारलं.

"काही नाही, अक्का."

शिखर गेल्याचं तिला वाईट वाटलं, खूप वाटलं. पण विमलाक्का तिचं नाव खालच्या तळाच्या यादीत लिहीत होत्या तेव्हा पद्मजा या पायावरून त्या पायावर हळूहळू झुलत उभी होती.