आधी त्या तुकड्यावर

मित्रांनो, मी एक जुना संगमरवरी दगड आहे. दगड तरी कसला, तुकडा. स्वयंपाकाच्या ओट्यात सिंक बसवायला मोठं भोक पाडावं लागतं ना, त्या भोकातून जो निघाला तो मी. एरवी अशा तुकड्याला कोणी विचारत नाही. मला मात्र इतकं विचारलं, की नको नको झालं.

आधी ओटा आणि मी एकच होतो. दगडांच्या वखारीत भिंतीला टेकून उभे. एक दिवस एक जोडपं आलं, सोबत त्यांची छोटी मुलगी. वडिलांना काळा दगड हवा होता.

"काळाच घेऊ. डाग दिसत नाहीत."

"दिसत नाहीत म्हणजे नसतात का?" आई म्हणाली. "मला दिसायला हवेत."

तिनं बोटानं आमच्यावर टकटक केली. आवाज खणखणीत आला, म्हणजे आत कुठे तडा नव्हता. मग तिनं बाटलीतलं पाणी ओतून हात फिरवला, तशी आमच्यातली राखाडी रेघ उठून दिसली. वखारवाला बिचारा सरळ माणूस. म्हणाला, "ताई, पांढरा दगड नाजूक असतो बरं का. लिंबू सांडलं की चकाकी गेली."

"बघू की," आई म्हणाली. वडील हिरमुसले.

घरी कटर फिरला आणि मी सुटा झालो. राखाडी रेघ अर्धी माझ्याकडे आली, अर्धी ओट्याकडे राहिली. कारागीर मला कचऱ्यात टाकायला निघाला, तेवढ्यात आई म्हणाली, "अहो, तो टाकू नका. माझं काम आहे त्याच्याशी."

मी हरखून गेलो. काम काय ते संध्याकाळी कळलं. तिनं माझ्या कोपऱ्यावर लिंबू पिळलं आणि जेवणं होईपर्यंत तसंच राहू दिलं. पुसलं, तर तिथली चकाकी गेलेली. "अस्सं," ती म्हणाली. "म्हणजे ओट्यावर लिंबू कापायचं नाही. सांडलंच, तर तिथल्या तिथे पुसायचं."

झालं. तेव्हापासून माझ्यामागे शुक्लकाष्ठ लागलं. व्हिनेगर आलं, कॉफी आली, तेल आलं, तारेची घासणी आली. तापलेलं पातेलंसुद्धा आधी माझ्या डोक्यावर. दारावर विक्रेता नवी बाटली घेऊन आला, की आई म्हणायची, "आधी त्या तुकड्यावर." घरात ते वाक्यच होऊन बसलं. मुलीनं नवी शाई आणली तरी पहिला ठिपका माझ्यावर.

आणि ओट्याचे लाड काय सांगू! कोमट पाणी, दोन थेंब साबण, मऊ फडकं, वर कोरडं पुसणं. अधूनमधून डाग आत मुरू नयेत म्हणून एक औषध चोळायची. तेही पहिल्यांदा माझ्यावरच चोळून पाहिलं, तेवढं एक मला बरं वाटलं. घरी कोणी आलं की म्हणायचं, "ओटा अगदी काल बसवल्यासारखा आहे हो." मी मागच्या दाराशी पडून ऐकायचो आणि जळफळायचो. माझ्यामुळे तो तसा राहिला, हे कोणाच्या गावीही नव्हतं.

तरी ते दिवस आता आठवले की गलबलून येतं. सकाळी वाफेनं धुरकटलेली खिडकी, ओटा पुसताना आईचं गुणगुणणं, वडिलांचं "काळा घेतला असता तर..." आणि मग तिघांचं हसणं. मला वाटायचं, हे असंच चालणार.

मुलगी मोठी झाली, लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली. पुढे वडील वारले. आईनं मुलीकडे राहायला जायचं ठरलं आणि घर विकलं गेलं. आईला ओटा सोबत न्यायचा होता. कारागिरानं पाहून मान हलवली. सिंकच्या पुढे-मागे दगड अरुंद होता, उचलला की तिथेच मोडला असता. आईनं ओटा शेवटचा पुसला, कोरडा केला. मग माझ्याकडे वळली. "हा येईल."

"अगं आई, तो डागाळलेला दगड कशाला? माझ्याकडे नवा ओटा आहे ना."

"तो तुझा आहे," आई म्हणाली. "माझं काही नको का?"

जावयानं मला घामाघूम होत जिन्यानं वर नेलं आणि गॅलरीत ठेवलं.

मुलगी मायाळू होती. "आई, तू बस. आयुष्यभर केलंस," असं म्हणून तिला स्वयंपाकघरात पाऊलच टाकू देईना. आई पाहुण्यासारखी खुर्चीत बसायची, हात मांडीवर ठेवून. पाणीसुद्धा विचारून घ्यायची. एकदा गॅलरीत येऊन तिनं माझ्यावरून हात फिरवला. "आपण दोघं अडगळ झालो रे," ती म्हणाली. मला फार वाईट वाटलं. डाग पडताना वाटलं नव्हतं इतकं.

मग एक दिवस मुलीच्या पांढऱ्या संगमरवरी ओट्यावर कशाचा तरी डाग पडला. तिनं 'सगळे डाग चुटकीसरशी' म्हणणारी बाटली आणली आणि झाकण उघडलं.

"थांब," आई खुर्चीतून उठली. तिचा आवाज अगदी जुन्या घरातला होता. "आधी..."

"...त्या तुकड्यावर," मुलीनं वाक्य पुरं केलं आणि हसली. दोघी गॅलरीत आल्या. थेंब पडला तसा माझ्यावर पांढरा फेस उठला. पुसलं, तर तिथे खरखरीत खड्डा.

मुलीचं हसू मावळलं. "आई, ही बाटली मी ओट्यावर ओतणार होते गं."

"माहितीये."

"मला वाटलं, तुला आराम द्यावा."

"आराम दे की. पण मला स्वयंपाकघरातून काढू नकोस."

मुलीनं आईचा हात धरला, आत नेलं आणि म्हणाली, "सांग, काय करू?" आईनं बाह्या सरसावल्या आणि कोमट पाणी मागितलं.

आता मी स्वयंपाकघरातच खिडकीखाली एका बुटक्या टेबलावर असतो. समोर आईची खुर्ची असते. मित्रांनो, तुमच्या ओट्यावर काही सांडलं तर लगेच पुसा, आणि नवी बाटली आधी कोपऱ्यात वापरून बघा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला खुर्ची जरूर द्या, पण ती स्वयंपाकघरात ठेवा.

या घरात ओट्यावर लिंबू कापायला मनाई आहे. लिंबं आई कापते, माझ्यावर. रस पसरतो, माझी उरलीसुरली चकाकीही जाते. मी हूं की चूं करत नाही.