सरांनी बसवलेले दात

दर शनिवारी दुपारी चार ते सहा, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या हॉलमध्ये आठ मोठी माणसं कॅनव्हास खराब करायला जमत. पैसे भरले होते, रंग स्वतःचे होते, तेव्हा निदान खराब करायचा हक्क तरी त्यांना असायला हवा होता. पण तो नव्हता. शिकवणारे सर मागून यायचे, मान तिरकी करून बघायचे, "वा, वा" म्हणायचे, आणि मग ते वाक्य यायचं.

"जरा ब्रश द्या बघू."

ब्रश गेला की चित्र गेलं. दोन मिनिटांत झाडाला सावली, पाण्याला चमक, डोंगरामागे नारिंगी उजेड. "आता बघा, कसं जिवंत झालं!" ज्याचं चित्र, तो ओशाळं हसून कोपऱ्यात स्वतःची सही ठोकायचा आणि घरी जाऊन सुनेला, जावयाला, गॅस तपासायला आलेल्या माणसालाही दाखवायचा. आठ घरांच्या भिंतींवर आठ सह्यांखाली एकच माणूस चित्रं काढत होता, आणि लाज एकालाही वाटत नव्हती.

एकीला वाटायला लागली होती.

ती बावन्न वर्षांची. दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची, म्हणून क्लासमध्ये तिचं नाव कवळीताई पडलं होतं. कवळीच्या हिरड्या ज्या गुलाबी मालाच्या होतात तोही क्लासमधल्या रंगांसारखा अ‍ॅक्रिलिकच, तेव्हा हे आपल्याला जमेल असं तिला वाटलं होतं. कसलं काय! तिची पहिली फुलदाणी बघून नवऱ्याने विचारलं होतं, "सिलिंडर का काढलास?" दुसऱ्या फुलदाणीवर सरांनी हात फिरवला. ती बघून नवरा म्हणाला, "सुधारलीस की!" त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

तिसऱ्या महिन्यात तिने फुलदाण्यांना रामराम ठोकला आणि नवऱ्यालाच काढायला घेतलं. नवरा निवृत्त हेडमास्तर. चालताना अजूनही समोर प्रार्थनेला पोरं उभी असल्यासारखा. पण दुपारी जेवण झालं की तो कवळी काढून वाटीत ठेवायचा, खुर्चीत मान मागे टाकायचा आणि तोंडाचा आ करून झोपायचा. अकरा वर्षं हे फक्त तिने पाहिलं होतं. कवळी तिनेच बनवलेली, आणि इतकी बेमालूम की अख्ख्या बिल्डिंगीत कुणाला संशय नव्हता. चारचौघांतला हेडमास्तर सगळ्यांचा, हा बोळका माणूस तेवढा तिचा.

चार शनिवार ती त्या तोंडाशी झटत होती. हात आखूड झाला, खुर्चीचा एक पाय हवेत राहिला. पण हिरड्या! कुठे फिक्या, कुठे लालसर, आतल्या बाजूला जांभळट. त्या तिला डोळे मिटूनही आल्या असत्या. सर दोनदा ब्रश मागायला आले. दोन्ही वेळा ती म्हणाली, "नंतर."

चौथ्या शनिवारी ती ब्रश धुवायला मोरीवर गेली. परत आली तर नवऱ्याला दात आले होते.

वरचे आठ, खालचे आठ. सगळे एका मापाचे, सगळे एकाच पांढऱ्या रंगाचे, थेट ट्यूबमधून पिळलेले. मिटल्या डोळ्यांनी माणूस जाहिरातीसारखा हसत होता.

"पोर्ट्रेटमध्ये काळं भोक बरं दिसत नाही, मॅडम," सर तिचाच दुसरा ब्रश पुसत म्हणाले. "प्रसन्न करून टाकलं."

"कुणाला विचारून?"

"अहो, विचारायचं काय त्यात?"

शेजारची गुडमॉर्निंगबाई मोबाइल खाली घेत म्हणाली, "कित्ती गोड! टाकला पण मी फोटो बिल्डिंगच्या ग्रुपवर." ही बाई तिच्याच बिल्डिंगमधली. रोज सकाळी सहाला सगळ्यांना फुलांचे फोटो पाठवायची, म्हणून हे नाव.

कवळीताई चित्राकडे वळली. अ‍ॅक्रिलिक वाळायला वेळ लावत नाही, आणि वाळला की निघत नाही. दातांखाली झाकलेल्या हिरड्या आठवड्यापूर्वीच्या, कडक झालेल्या. त्यांच्यावर चढवलेले दात अजून ओले. तिने ओलं फडकं घेतलं आणि एका दमात वरची पंगत साफ केली, मग खालची. कोपऱ्यातली एक दाढ चिकटून बसली होती, ती तिने नखाने उपटली.

"मॅडम!" सर ओरडले. "हायलाइट होते ते!"

"दात असे नसतात. एका तोंडातले दोन दातही एका रंगाचे नसतात. आठवडाभर मी दातच बनवते. इथे नाही बनवायचे मला."

"प्रदर्शन आहे पंधरा दिवसांनी. त्याचा काही दर्जा असतो."

"मग आठही चित्रांवर स्वतःची सही करा ना. दर्जा दिसेल."

एरवी दुसऱ्यांच्या चित्रांवर फटकन निकाल देणारे, म्हणून जज्ज म्हणून ओळखले जाणारे बँकेतले निवृत्त साहेब आपल्या सूर्यास्ताकडे बघत राहिले. त्यातलं नक्की आपण काय काढलंय ते शोधत असावेत.

ती घरी पोचली तेव्हा नवरा दारातच मोबाइल नाचवत उभा.

"अगं, चाळीस अंगठे आलेत! वरच्या मजल्यावरचे वकील म्हणतात, साहेब अगदी नटासारखे दिसताय. इतकं चांगलं यायला लागलं तुला?"

"ते मी नाही काढलं. दात सरांनी काढले. मी पुसले."

"पुसले? मग आता तिथे काय आहे?"

"जे आहे तेच आहे. बोळकं."

हेडमास्तर खाली बसले. "आणि ते तू प्रदर्शनात लावणार? वकिलांसमोर? अगं, चारचौघांत माझी काही इज्जत आहे का नाही?"

हे तिला झोंबलं, कारण ते खरं होतं. सरांवर तोंड टाकणं सोपं होतं, सर परका माणूस. ती समोर बसली.

"अहो, आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मी एकटीने केलंय. वाकडंतिकडं असेल, पण सगळं माझं आहे. तरी तोंड तुमचं आहे. नको म्हणा, कपाटामागे टाकते."

"मला खलनायक करू नकोस."

"मग हो म्हणा."

"ते पण म्हणणार नाही. लाव, नाहीतर जाळ. मी यायचा नाही."

पंधरा दिवस घरात 'मीठ दे' आणि 'पंखा बंद कर' एवढंच बोलणं झालं. दुपारची झोप तो आतल्या खोलीत, दार लावून घेऊ लागला.

आमंत्रणपत्रिकेवर आठ नावं छापून गेलेली, त्यामुळे तिने आणून दिलेलं चित्र सरांना नाकारता आलं नाही. त्यांनी ते संडासाकडे जाणाऱ्या बोळात टांगलं. सर हुशार, पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही. मोठ्या हॉलमध्ये लोक सात सूर्यास्तांसमोरून लग्नाच्या रांगेतल्यासारखे पुढे सरकत होते. बोळात मात्र रांगेत थांबावं लागत होतं, आणि समोर तेवढं एकच चित्र होतं. लोक खुदकन हसत, मग जवळ सरकत, मग पुन्हा बघत. एक जाडजूड बाई आपली पाळी आली तरी हलली नाही. "माझा बाप असाच झोपायचा हो," ती म्हणाली. "अगदी असाच मेला." गुडमॉर्निंगबाईने फोटो काढला, पण पाठवला कुणालाच नाही. वकील आले, चित्राकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि जिभेने स्वतःचा एक दात चाचपत आत गेले.

साडेपाचला हेडमास्तर आले. इस्त्रीचा शर्ट, कवळी जागच्या जागी. बोळातल्या लोकांनी त्यांना ओळखलं आणि एकदम छताचं निरीक्षण सुरू केलं. ते चित्रासमोर उभे राहिले. पेपर तपासताना राहायचे तसे, हात मागे बांधून. ती भिंतीला टेकली.

ते म्हणाले, "डावा कान चुकलाय."

तिने पाहिलं. चुकलाच होता. चांगला बोटभर खाली आला होता. चार शनिवारांत तिला दिसला नव्हता.

"हो," ती म्हणाली. "चुकला."

मागून सर धावलेच. "तेच तर सांगत होतो साहेब! ऐकतच नाहीत. ब्रश आहे माझ्याकडे, दोन मिनिटांचं काम—"

हेडमास्तर वळले आणि चित्राच्या आणि सरांच्या मध्ये उभे राहिले.

"हात खाली घ्या," ते म्हणाले. आवाज शाळेतला. "कान माझा आहे आणि चुकवलाय हिने. तुमचा काय संबंध?"

सर ब्रश पाठीमागे लपवून निघून गेले. रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं. हेडमास्तरांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, मग तिच्याकडे वळून खालच्या आवाजात विचारलं, "सही कुठाय तुझी?"

"केली नाही. तुम्ही काय म्हणाल ते कळल्याशिवाय..."

"मग कर ना! जाऊन ब्रश आण. त्याचा आणू नकोस, तुझा आण."