माझ्या वाटचं लिंबू

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे, पण मला पाहून तुम्हांला ते पटायचं नाही. माझ्या अंगावरची नक्षी अजून कोरी आहे. मला कधी खिळा लागला नाही की काच रुतली नाही. आठ वर्षांत मी रस्त्यावर एक पाऊलही चाललो नाही. मी स्टेपनी होतो, म्हणजे अडीअडचणीसाठी बरोबर घेतलेलं जादा चाक. असून अडचण, नसून खोळंबा!

माझा जन्म दोन हजार सालच्या जूनमधला. साच्यात भाजून निघाल्यावर माझ्या कुशीवर बरीच अक्षरं उमटली आणि त्यांच्या शेवटी, एका लहानशा लंबगोल चौकटीत, चार आकडे उमटले : २३००. हे आकडे नीट लक्षात ठेवा. माझी सारी कहाणी त्यांच्याभोवतीच फिरते.

आम्ही तिघे भाऊ एकाच दिवशी चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैला नारायणस्वामी मेस्त्रींच्या शेडमध्ये आलो. मेस्त्री तिथे राघोत्तमरावांसाठी फिरतं घर बांधत होते. जीपच्या मागे जोडायचा हा पत्र्याचा ट्रेलर. आत दोन बाकं, स्टोव्ह आणि पाण्याची टाकी, खाली दोन चाकं. राघोत्तमराव नुंगंबाक्कमच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. पिढ्यान्‌पिढ्या तंजावरात राहिलेलं त्यांचं मराठी घराणं. सगळा जन्म मुलांना नकाशे दाखवण्यात गेला, आता हेमावतीला घेऊन ते नकाशे पायाखाली घालायचे, असं त्यांनी ठरवलं होतं. हेमावतीबाई त्यांच्या पत्नी.

चाकं दोन आणि आम्ही तिघे. मेस्त्रींनी हाताला लागले ते दोघे उचलले. मी भिंतीकडे होतो, म्हणून राहिलो. एवढंच कारण, दुसरं काही नाही. मला ट्रेलरच्या पोटाखाली आडवं धरून एका लांब बोल्टनं आवळून टाकलं. तिथून मला आकाश दिसत नसे, झाडं दिसत नसत, समोरचं माणूसही दिसत नसे. दिसायची ती फक्त खालून पळणारी जमीन, एका वितीवर, आणि तिला हात लावायची सोय नाही. महाबलीपुरम, चिदंबरम, रामेश्वरम, सगळीकडे मी जाऊन आलो. प्रवास सगळा केला, पण पाठीवर पडून केला. कैद्याला कुणी तीर्थयात्रा घडवली तरी तो बेडीचाच आवाज ऐकणार.

सांगायला लाज वाटते, पण मी भावांचं वाईट चिंतत असे. त्यांना खिळा लागावा आणि माझी सुटका व्हावी! एकदा चिदंबरमच्या अलीकडे डाव्या भावाला खरंच खिळा लागला. राघोत्तमराव पाना घेऊन माझ्यापाशी वाकले. तेवढ्यात हेमावतीबाईंना दहा पावलांवर पंक्चरचं दुकान दिसलं. पाना परत पेटीत गेला.

सगळ्यांत जिवाला लागायची ती आयुधपूजा. चेन्नईत त्या दिवशी गाड्यांना हार घालतात आणि प्रत्येक चाकाखाली एकेक लिंबू ठेवून गाडी पुढे घेतात. लिंबू फुटलं की दृष्ट उतरली. हेमावतीबाई सहा लिंबं मोजून आणत. चार जीपच्या चाकांना आणि दोन माझ्या भावांना. मी जमिनीला टेकतच नव्हतो, तर माझ्याखाली लिंबू ठेवणार कुठे? दर वर्षी मी नुसता वास घेत असे.

मान मात्र मला भरपूर होता, तोही चुकीचा. झालं असं, की राघोत्तमरावांनी माझ्या कुशीवरचे चार आकडे वाचले आणि हे माझं बळ आहे, असं ठरवून टाकलं. पाहुणा आला की त्याला वाकायला लावून ते म्हणत, हे पाहा, एकटं चाक तेवीसशे किलो पेलतं. पाहुणे माना डोलवत. मला खरं ठाऊक होतं. पण मित्रांनो, अंधारात खितपत पडलेल्याला कुणी चांगलं म्हटलं तर तो कशाला दुरुस्त करील? हळूहळू मलाही ते खरं वाटू लागलं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

पुढे हेमावतीबाईंचे गुडघे धरले आणि फिरणं थांबलं. ट्रेलर घरामागच्या अंगणात उभा राहिला तो चार वर्षं. समुद्राकडून येणारी खारी हवा नटबोल्ट खात होती. आता तर पळणारी जमीनही गेली. एकच फरशी, तिच्यावरचा एकच तडा आणि त्यातून ये-जा करणाऱ्या मुंग्या. भावांच्या अंगावर ऊन पडून भेगा गेल्या. मी सावलीत होतो, म्हणून वरून तुकतुकीत राहिलो. आतून मीही कडक होत होतो, पण आतलं कोण पाहतो?

दोन हजार आठ साली राघोत्तमरावांना सत्तरावं लागलं. सत्तरीची शांत करायला तिरुक्कडैयूरच्या देवळात जायचं, तिथून पुढे तंजावर, आणि जायचं ते आपल्या फिरत्या घरातूनच, असा हेमावतीबाईंनी हट्ट धरला. गुडघे दुखोत की राहोत. त्यांना ठाऊक होतं, की ही फेरी हुकली तर पुन्हा व्हायची नाही.

भावांचं आयुष्य संपलं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. एकाची लोखंडी रिमही गंजून चाळणी झाली होती. तेव्हा माडीवर भाड्यानं राहणारी रुचिरा मदतीला आली. ही सांगलीची मुलगी, इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात रिमांची तपासणी करणारी. तिची मराठी या दोघांना घाईची वाटे आणि यांची मराठी तिला जुन्या पत्रातली वाटे. पण जमायचं.

जनरल पॅटर्स रोडवर वेंकट नावाच्या दुकानदारानं त्यांना काय काय दाखवलं, ते मला नंतर अंगणातल्या बोलण्यावरून कळलं. मोटारीचे मऊ टायर त्यानं दाखवले, ते मापाला बरोबर होते. रुचिरा म्हणाली, माप जुळलं तरी मोटारीचा टायर बसणाऱ्यांना सुख द्यायला केलेला असतो, ट्रेलरला ओझं पेलणारा, कुशीला ताठ असा पाहिजे, नाहीतर मागचं घर जीपला हेलकावे देईल. मग चकचकीत रिमा निघाल्या. राघोत्तमरावांना त्या फार आवडल्या, बोल्टची भोकंही पाचच होती. रुचिरानं ती मोजपट्टीनं मोजली आणि रिमा परत दिल्या. भोकांचं वर्तुळ केसभर मोठं होतं. अंगठा सगळ्यांच्याच चपलेला असतो, म्हणून कुणाचीही चप्पल कुणालाही होत नाही, असं तिनं समजावलं. शेवटी साधी लोखंडी रिम ठरली. टाकीतलं पाणी, भांडीकुंडी, अंथरुणं धरून भरला ट्रेलर बाराशे किलोंचा, तेव्हा प्रत्येक टायर सहाशेहून बराच जास्त पेलणारा हवा, असाही हिशेब तिनं मांडला.

तो ऐकून राघोत्तमराव खूष झाले. मग एकच नवा टायर पुरे, दुसरा आमची स्टेपनी! कोरी करकरीत, एकटी तेवीसशे पेलते. रुचिराच्या कपाळाला आठी पडली. एवढासा टायर तेवीसशे कसा पेलेल? येऊन बघते, म्हणाली, पण तिच्या कामाची पाळी सुरू होत होती. ती कारखान्यात गेली आणि इकडे राघोत्तमरावांनी एक रिम आणि एकच नवा टायर आणून माणूस बोलावला.

गंजलेला बोल्ट हातोडीनं ठोकून काढला आणि मी धप्पकन फरशीवर पडलो. आठ वर्षांनी! मला आकाश दिसलं. राघोत्तमरावांचा चेहरा दिसला, तो मी समजत होतो त्यापेक्षा म्हातारा होता. नवा टायर ट्रेलरच्या उजव्या बाजूला आणि मला डाव्या बाजूला बसवलं, जॅक उतरला आणि घराचं ओझं माझ्यावर आलं. त्याच क्षणी माझ्या आत बारीकसं काहीतरी तुटलं. कुणाला ऐकू आलं नाही, मला आलं. सकाळी निघायचं म्हणून हेमावतीबाईंनी दोन्ही चाकांपुढे लिंबं ठेवून ठेवली. माझ्या पुढ्यात लिंबू!

संध्याकाळी रुचिरा आली ती डबा खाली न ठेवताच माझ्यापाशी बसली. माझ्या कुशीवर धूळ होती. मी मनात म्हटलं, ती पुसली जाऊ नये. आतलं तुटलेलं मला कळत होतं, पुढच्या जीपमध्ये दोन म्हातारी माणसं असणार हेही कळत होतं, तरी मी तसं म्हटलं. एवढा मी चालायला आसुसलो होतो.

तिनं अंगठ्यानं धूळ पुसली.

“काका, हे वजन नाही. ही जन्मतारीख आहे. तेविसावा आठवडा, सन दोन हजार.”

राघोत्तमरावांना ते झोंबलं. “एक दिवस चालला नाही तो,” ते म्हणाले, “न चालतां म्हातारा कसा होईल? सांग मज.”

रुचिरानं माझ्या नक्षीच्या फटी बोटांनी फाकवून दाखवल्या. आत केसासारख्या भेगा होत्या. या टायरवर बायपासनं जाताना तो फुटला तर जीपही उलटेल, असं तिनं सरळ सांगितलं. राघोत्तमराव तरी ऐकेनात. आठ वर्षं मिरवलेला आकडा असा सुटतो होय?

हेमावतीबाई पायरीवर गुडघे चोळत बसल्या होत्या. त्या सावकाश म्हणाल्या, “माझे गुडघे काय चालून गेले? बसून बसून गेले. त्यास काय वेगळें होणार? पोदुम. काढा तो.”

पोदुम म्हणजे तमिळमध्ये पुरे. राघोत्तमरावांनी पेटीतून पाना काढला. मला मात्र तो एक शब्द दोनदा कळला, एकदा दुःख म्हणून आणि एकदा सुटका म्हणून.

दुसऱ्या दिवशी त्या नव्या टायरच्याच जातीचे आणखी दोन आले, एकूण तीन झाले. प्रत्येकाचे चार आकडे रुचिरानं वाचून घेतले. दोन चाकांत बसले, तिसरा माझ्या जागी पोटाखाली गेला. त्याची दचकलेली नजर मी ओळखली. पण रुचिरानं ट्रेलरच्या दाराआड खडूनं लिहून ठेवलं : दर सहा महिन्यांनी तिघांच्या जागा बदलायच्या. माझ्या नशिबी कुणी हे लिहिलं नव्हतं.

जीप सुरू झाली, नव्या चाकांखालची लिंबं फुटली. हेमावतीबाई आत चढता चढता थांबल्या आणि एक लिंबू नवऱ्याच्या हातात देऊन माझ्याकडे बोट केलं. सत्तरीला आलेले राघोत्तमराव खाली उतरले. त्यांनी मला भिंतीपासून सरकवून उभं केलं, पुढ्यात लिंबू ठेवलं आणि दोन्ही हातांनी ढकललं.

“एवढें तरी चाल, बाबा,” ते म्हणाले.

लिंबू फुटलं. मी फाटकापर्यंत वीस पावलं गेलो, ते धापा टाकत माझ्याबरोबर चालले.

आता मी अंगणातल्या भिंतीला बांधलेला आहे, ट्रेलर मागे घेताना भिंतीवर आपटू नये म्हणून. सुटलो असं काही म्हणता येणार नाही. ते दोघं सुखरूप परत आले, तेव्हा ट्रेलर मला हलकेच टेकला आणि त्याच्या चाकांना लागलेल्या मातीचा वास आला. तंजावरची माती, राघोत्तमराव म्हणाले.

मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीखाली माझ्यासारखा कुणी असेल तर कधीतरी वाकून त्याचे ते चार आकडे वाचा. न वापरलेलं ते नवंच असतं, असं समजू नका. आणि तो तरणा आहे तोवर त्याला आळीपाळीनं रस्त्यावर उतरवा. माझ्या नक्षीत लिंबाची एक बी अडकून राहिली आहे. चाललो त्याची माझ्यापाशी तेवढीच खूण आहे.